यादीतली मृदुला

इथे प्रत्येक जण "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही" असं म्हणून सुरुवात करतो आणि चौथ्या ओळीत पिंपळाखाली पांढरी साडी उभी असते. म्हणून मी तसं काही म्हणत नाही. एवढंच सांगते, की हा ग्रुप मी हसायला वाचते. दुपारची भांडी आवरली की चहा घेऊन बसते आणि तुमचे चकवे, तुमच्या हडळी, हायवेला लिफ्ट मागणाऱ्या तुमच्या त्या बाया... वाचून एकटीच हसते. मुलीने एकदा विचारलं होतं, "आई, तुला भीती नाही का गं वाटत?" म्हटलं, जिवंत माणसांनी भिववलंय तेवढं मला पुरेसं आहे.

तर आता हसायची पाळी तुमची. हसा खुशाल. फक्त "काकू, बीपीची गोळी घेतली होती का?" असली कमेंट करू नका. घेतली होती.

मी मीरा रोडला, शांती नगरमध्ये राहते. बिल्डिंग जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खाली एका बाजूला फरसाणवाला, दुसऱ्या बाजूला मोबाइलची कव्हरं विकणारा, त्यामुळे दिवसभर कोणाशी ना कोणाशी हिंदीत घासाघीस चाललेली ऐकू येते. जे झालं ते आमच्या हॉलमध्ये झालं. भर दुपारी. पंखा चालू होता, खाली भंगारवाला ओरडत होता. अमावस्या नाही, कुत्रं रडलं नाही, लाइट गेली नाही. ज्यांना ते सगळं हवं असेल त्यांनी दुसरी पोस्ट बघावी.

माझी नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. फोर्टातल्या एका कंपनीत, बोर्डावर. फोन कोणाचा आहे हे मी नुसत्या "हॅलो"मधल्या "हॅ"वरून सांगायचे. ट्रेनिंगला आमचे आवाज टेप करून आम्हालाच परत ऐकवायचे — बघा, नाकात बोलताय... बघा, शेवटचा शब्द खाताय. पहिल्यांदा ऐकलं की प्रत्येक मुलगी म्हणायची, "शी, हा माझा आवाज नाहीच!" मग सवय होते. आपला आवाज बाहेरून कसा येतो हे बहुतेक लोकांना माहीत नसतं. मला पक्कं माहीत आहे, म्हणून हे एवढं सांगितलं.

आता नावाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

माझं नाव मृदुला. म्हणजे आधार कार्डावर. (नाव मृदुला आणि जीभ कोयता, असं सासूबाई म्हणायच्या. आहे. नाकारत नाही.) माहेरचं नाव द्वारका. रोह्याजवळच्या आमच्या गावात सगळे द्वारकीच म्हणायचे. लग्नात गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे केलं आणि ह्यांनी अंगठीने तांदळात नाव लिहिलं — मृदुला. ज्यांच्यात ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते — आमच्याकडे लग्नात नवरा बायकोला नवीन नाव देतो. तो लिहितो, सगळे वाकून वाचतात, "छान आहे हो" म्हणतात, पेढे वाटतात. जिचं नाव बदललं तिला कोणी विचारत नाही. ती पण पेढा खाते.

माझ्या ओठावर आलं होतं — मला नाव आहे. एवढंच. पण नवरी मुलगी बोलत नसते. त्यात कपाळाला मुंडावळ्या, त्यात समोर वडील व्याह्यांपुढे हात जोडून उभे. गिळलं. पुढे ते मी आईलाही सांगितलं नाही, मैत्रिणीलाही नाही. हे पहिल्यांदा लिहितेय.

त्याच वेळी माझी नणंद कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, नशीबवान आहात हं. दादाच्या सगळ्यात आवडत्या पिक्चरमधल्या हिरॉइनचं नाव आहे हे."

झालं! विशीतली पोर मी, विरघळले.

तो पिक्चर ह्यांनी मला कधी दाखवला नाही. (ह्यांचं नाव मी लिहीत नाहीये. ते सवयीने. आदराने म्हणून नव्हे.) जुना हिंदी पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट. थिएटरात कधी लागला नाही, टीव्हीवर एकदा लागला तेव्हा मी ड्युटीवर. मागे लागले की ठरलेलं उत्तर — "तुला नाही कळायचा तो. झोप येईल." पिक्चरचं नावही मी इथे सांगणार नाही, लगेच शोधून मला शिकवायला याल. आणि मी स्वतः शोधून का नाही बघितला असं विचाराल, तर हट्ट. ज्याने नाव ठेवलं त्यानेच दाखवावं.

मग मी माझी एक मृदुला मनात तयार केली. लांब केस, ठसक्यात चालणारी, गच्चीवर उभी राहून गाणं म्हणणारी, एका वाक्यात हिरोची जिरवणारी. घरात कडाक्याचं भांडण झालं की ओट्याशी उभी राहून स्वतःला सांगायचे, बाई गं, कधीतरी ह्या माणसाला तू हिरॉइनसारखी दिसली होतीस. तेवढ्या एका गोष्टीवर मी अख्खा संसार रेटला. वेडेपणा म्हणा, पण खरं आहे.

हे होते ड्राफ्ट्समन, रत्नागिरीकडचे. पिक्चरचं मोठं वेड. फिल्म सोसायटीत जायचे, एकटे. रिटायर झाल्यावर कुठल्याशा परदेशी मासिकातली "जगातले सर्वश्रेष्ठ चित्रपट" म्हणून यादी होती, तिची प्रिंट काढून आणली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दर रविवारी दुपारी एक पिक्चर. यादीच्या तळापासून सुरुवात, वर चढत जायचं. जपानी, रशियन, इटालियन, काय वाट्टेल ते. आणि डोक्यावर हेडफोन! हॉल एक, सोफा एक. मी शेजारी जाऊन बसले तरी मला नुसती माणसांची तोंडं हलताना दिसायची. चहा हवा असला की ह्यांनी रिकामा कप वर करायचा. मी उठायचे. कप खाली ठेवताना मान सुद्धा वळायची नाही.

यादीत आपल्याकडचे पिक्चर मोजकेच. त्यात "माझा" होता, आणि बराच वर होता. मी विचारायचे, "माझा कधी?"

"येईल नंबर."

नंबर यायच्या आधी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

म्हणजे अगदीच गेली नाही. दोन शब्द राहिले. "हो ना." पाणी हवंय? हो ना. नकोय? हो ना. दुखतंय का? हो ना. मी उद्या पळून जाऊ का? हो ना. हयातीच्या दाखल्यासाठी माणूस घरी आला होता, त्यालाही अगदी छान सांगितलं — हो ना. जन्मभर ज्या माणसाने माझ्या एका गोष्टीला हो म्हटलं नाही, त्याच्यापाशी देवाने नेमके तेवढेच शब्द शिल्लक ठेवले. देव आहे की नाही मला माहीत नाही, पण असलाच तर महाखवचट आहे.

स्पीच थेरपीला एक मुलगी यायची, गोड होती. म्हणाली, "काकू, तुम्ही रोज काकांसमोर बसा. डोळ्यांत बघून विचारा, मी कोण? सांगा, मी कोण? जवळच्या माणसाचं नाव कधी कधी आधी परत येतं."

मला त्या पोरीला सांगावंसं वाटलं — अगं बाळ, आजारी पडायच्या आधी तरी ह्यांनी मला नावाने कधी हाक मारलीय? "अगं", "ए", "ऐकलंस का", आणि मुलगी झाल्यावर "पल्लवीची आई". मृदुला हे नाव ह्या माणसाने तांदळात लिहिलं, त्यानंतर तोंडाने कधी घेतलं नाही. उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा पण हसण्यावारी नेलं.

पण मी बसायचे. रोज सकाळी, अंघोळ घालून झाली की, केस विंचरून देऊन, समोर स्टूल घेऊन बसायचे. "मी कोण?" "हो ना." "अहो, नीट बघा ना... मी कोण?" "हो ना." कधी रडू यायचं, कधी चक्क थोबाडीत मारावीशी वाटायची. तुम्ही म्हणाल एवढं काय त्या नावाचं. सांगता येत नाही. ह्या माणसाचं जेवण, औषध, शी-शू सगळं मी केलं. मला बदल्यात फक्त एकदा ह्यांच्या तोंडून माझं नाव हवं होतं. ह्यांनी जायच्या आधी, नाहीतर मी जायच्या आधी. द्वारका म्हणतील अशी आशा मी कधीच सोडली होती. मृदुला म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पल्लवी बंगलोरला असते. ती म्हणाली, "आई, बाबांची लिस्ट आपण पूर्ण करू या. मी सगळे पिक्चर पेनड्राइव्हमध्ये टाकून देते. त्यांनाही बरं वाटेल, आणि तुलाही जरा टाइमपास." टाइमपास! पण देऊन गेली ती, टीव्हीला कसं लावायचं तेही शिकवून गेली.

तर आम्ही बघायला लागलो. आम्ही म्हणजे हे, मी आणि फिलोमिना. फिलोमिना ह्यांचं करायला दिवसा येते. उत्तनच्या ख्रिश्चन कोळ्यांपैकी, धिप्पाड, एका हाताने ह्यांना कुशीवर वळवते. रविवारी तिचा चर्चचा वार, म्हणून आमचा पिक्चर गुरुवारी. हेडफोन कपाटात. मी भाजी निवडत बसायचे, फिलोमिना ह्यांच्या पायांना तेल लावायची आणि आम्ही दोघी जगातले सर्वश्रेष्ठ चित्रपट बघायचो.

एक सांगू? जगातल्या सर्वश्रेष्ठ पिक्चरांमध्ये बायका खिडकीत फार उभ्या राहतात. पुरुष बर्फातून चालतात, सिगरेटी ओढतात, आयुष्याचा विचार करतात... आणि बाई आपली खिडकीत. फिलोमिना एकदा वैतागून म्हणाली, "बाय, ही कवाची उभी हाय! हिच्या घरात काय काम न्हाय काय?" मी इतकी हसले की ठसका लागला. ह्यांनी नाराजीने माझ्याकडे बघितलं. तेवढं बरोबर कळायचं.

पण खोटं कशाला बोलू, मला सगळेच काही कंटाळवाणे नाही वाटले. एक-दोन पिक्चरांत मी रडले. आणि "तुला नाही कळायचं" म्हणत ज्यांनी मला इतकी वर्षं बाहेर ठेवलं त्यांच्याविषयी आणखीच राग आला. सगळं कळत होतं की मला! न कळण्यासारखं होतं काय त्यात?

असं करत करत माझा नंबर आला.

त्या दिवशी मी सकाळी डोक्यावरून अंघोळ केली. पिस्ता रंगाची कांजीवरम काढली, ती पल्लवीच्या लग्नानंतर नेसले नव्हते. फिलोमिना आली आणि दारातच थबकली. "कुनाचं लगीन हाय, बाय?"

"लग्न कसलं. पिक्चरला चाललेय."

"हॉलमंदी?"

"हॉलमध्ये."

तिला वेड्यात काढल्यासारखं वाटलं असणार. तिने ह्यांना हॉलमधल्या पलंगावर उशा लावून बसवलं. मी मटार सोलायला घेतले, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. काळीज असं धडधडत होतं, की जणू मुलाकडचे बघायला येणार आहेत.

पिक्चर सुरू झाला. नदीकाठचं गाव. शहरातून एक तरुण येतो, गावात शाळा काढायला. चष्मा, धोतर, हातात पुस्तकं. नदी ओलांडताना नावाड्याची मुलगी होडीत बसलेली असते. सुंदर होती हो. मोठे डोळे, लांब केस. केस तर मी मनात रंगवले होते तसेच. मी पुढे सरकून बसले. ती पाण्यात हात घालते, बघते, हसते... बोलत नाही. मग तो तिला काहीतरी विचारतो, ती हसते. तिला पुस्तक दाखवतो, हसते. मी मनात म्हणतेय, अगं बोल ना. बोल की एकदा, ऐकू दे तुझा आवाज.

तेवढ्यात नावाडी म्हणतो, "जनम से गूँगी है, बाबू."

मी मटाराची शेंग हातात धरून तशीच बसले.

मुकी! म्हणजे माझा गच्चीवरचा ठसका, गाणं, ती एका वाक्यात जिरवणारी बाई... काही काही नव्हतं. माझ्या नवऱ्याने एक बोलणारी, फटकळ, नोकरीवाली मुलगी पसंत केली आणि तिला मुक्या पोरीचं नाव दिलं. आवडती हिरॉइन! का आवडती ते आता कळलं. ऐकते आणि हसते. दुसरं काही करतच नाही. अंगाची नुसती आग आग झाली. मी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांचा अर्धा चेहरा लहान मुलासारखा फुललेला. इतक्या महिन्यांत असा चेहरा मी बघितला नव्हता. पिक्चर बंद करावा, पेनड्राइव्ह खिडकीबाहेर फेकावा असं वाटत होतं. रिमोट उचललाही होता.

पडद्यावर तो तरुण विचारत होता, "तुम्हारा नाम क्या है?" पोरगी बापाकडे बघते. बाप हसून म्हणतो, "गूँगी को नाम से क्या काम, बाबू? हम तो 'ए' कहके बुलाते हैं।" मग तो चष्मेवाला तिच्याकडे बघतो. बराच वेळ. आणि म्हणतो, "तो आज से तुम मृदुला।"

कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ गेला. आणि ती मुलगी हसली नाही. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली,

"मला नाव आहे. द्वारका."

मराठीत. मोठ्याने नाही, चिडून नाही. बोर्डावर बोलावं तसं, एकेक अक्षर सुटं. ओठ बरोबर त्या शब्दांवर हलले. आणि तो आवाज माझा होता. आताचा घोगरा नाही... ट्रेनिंगच्या टेपवर ऐकलेला, नोकरीला लागले तेव्हाचा. नाकात न बोलणारा, शेवटचा शब्द न खाणारा माझा आवाज. त्यात चूक होणं शक्य नाही, एक वेळ मी आरशात स्वतःला ओळखणार नाही.

मला वाटलं, झालं, आता मलाही झटका येतोय. तर फिलोमिनाचे तेलाचे हात ह्यांच्या पायावर थांबलेले. ती टीव्हीकडे बघत होती.

"बाय... ही मुकी हाय ना? मंग बोलली कशी?"

मी मुद्दाम विचारलं, "काय बोलली?"

"मला नाव हाय बोलली. द्वारका. मराठीत बोलली, बाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही द्वारका कोन?"

फिलोमिना मला "बाय" म्हणते. बिल्डिंगमध्ये मला मृदुलाताई म्हणतात. माझं माहेरचं नाव इथे कोणालाही माहीत नाही, ते उच्चारणारं शेवटचं माणूस म्हणजे माझा भाऊ, तोही जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिला उत्तर देणार तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"द्वारका."

ह्यांचा. स्वच्छ. जोडाक्षर सुद्धा अडखळलं नाही. फिलोमिनाने छातीवर क्रूस काढला आणि "येसू, येसू" करत उभीच राहिली.

पुढचा पिक्चर आपल्या वाटेने गेला. ती मुलगी पुढे मुकीच राहिली, शेवटपर्यंत. तो शहरात निघून जातो आणि शेवटी ती — ओळखा पाहू — खिडकीत उभी असते.

आता तुमचे प्रश्न. तुम्ही विचारायच्या आधी माझे मीच विचारून झालेत.

तीच फाइल, तोच पेनड्राइव्ह, तोच टीव्ही. दुसऱ्या दिवशी मी एकटीने लावून बघितला. तो म्हणतो, "आज से तुम मृदुला", आणि ती हसते, डोळे खाली घालते. बस. आवाज नाही, ओठही हलत नाहीत. पल्लवी आली तेव्हा तिच्याबरोबर बघितला, पुढे-मागे करून, थांबवून. पल्लवी म्हणाली, "आई, तुझ्या मनातलं होतं गं ते. स्ट्रेस किती आहे तुला." बरं, माझ्या मनातलं असेल. फिलोमिनाच्या मनात कसं गेलं? तर म्हणे, तू कधीतरी बोलता बोलता तिला सांगितलं असशील. नाही सांगितलं. जे नाव मी स्वतःशीही घेत नव्हते ते तिला कशाला सांगू?

मग मला वाटलं, मीच तर बोलले नाही ना? रागात, माझ्याही नकळत? फिलोमिनाला विचारलं. ती पायाशी बसली होती, माझं तोंड तिच्या समोर. म्हणाली, "न्हाय बाय. तुमी दात आवळून बसलेल्या. मी झूट कशाला बोलू?" ती अजून कामाला येते, पण टीव्ही लावला की उठून स्वयंपाकघरात जाते. यादीतले वरचे दोन-चार पिक्चर तसेच राहिलेत. आता कोणी बघेल असं वाटत नाही.

थेरपीवाली मुलगी तर आनंदाने उडालीच. "काका बोलले? आणि नाव बोलले? काकू, किती मोठी गोष्ट आहे ही!" तिने समजावलं, की खूप भावना दाटून आल्या की एखादा शब्द असा निसटतो, त्यात चमत्कार काही नाही. असेल. ह्यांना माझं माहेरचं नाव माहीत होतंच, लग्नपत्रिकेत होतं. तिने लगेच स्टूल ओढून ह्यांना विचारलं, "काका, ह्या कोण? द्वारका ना?" ह्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "हो ना." त्यानंतर आजपर्यंत तेच चालू आहे.

तर मुकी कशी बोलली, माझ्या आवाजात कशी बोलली, मी गिळलेलं वाक्य तिला कोणी सांगितलं... माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल असंही वाटत नाही, राग मानू नका. आणि खरं सांगायचं तर मुकी बोलली ह्याचं मला फारसं काही वाटतही नाही. बोलायलाच हवं होतं कोणीतरी.

पण एक गोष्ट मी पल्लवीला सांगितलेली नाही, त्या थेरपीवालीलाही नाही. फिलोमिनाने बघितली, तीही त्यावर कधी बोलत नाही.

हे "द्वारका" म्हणाले ते टीव्हीकडे बघून. डोळ्यांत पाणी, आणि आवाज इतका मऊ... माझ्याशी बोलताना असा आवाज ह्या माणसाने कधी लावला नव्हता. मला वाटलं, आता! आत्ताच! मी उठले, मांडीवरचे मटार सगळे खाली सांडले. पलंग आणि टीव्हीच्या मध्ये जाऊन उभी राहिले, त्यांच्या अगदी समोर, ती पिस्ता साडी नेसून. म्हटलं, "अहो, मी. मी द्वारका. इकडे बघा ना... म्हणा परत."

त्यांनी बघितलं. वरपासून खालपर्यंत, नीट. मला ओळखलं, ते मला कळतं. मग चालता हात होता तो, डावा, उशीवरून उचलला. मला वाटलं माझा हात धरतील, म्हणून मी माझा पुढे केला.

त्यांनी बोटं हलवली. जरा बाजूला हो, दिसत नाहीये.

मी बाजूला झाले.